मूळ कंपनीच्या म्हणून गळ्यात मारलेल्या बनावट प्लग वायर

मूळ कंपनीचा माल सांगून बनावट सुटे भाग खपवण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. माझ्या १९९८ च्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० साठी कोल्हापुरातील एका दुकानातून मी १,४५० रुपयांना प्लग वायरचा, म्हणजे इंजिनातल्या स्पार्क प्लगपर्यंत वीज नेणाऱ्या वायरचा, संच घेतला आणि तो बनावट निघाला.

सर्वांत जास्त संताप येतो तो दुकानातल्या त्या क्षणाचा. या गाडीला तीन प्लगच्या तीन आणि कॉइलची (ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज तयार करणाऱ्या भागाची) एक अशा चार वायर लागतात, आणि डिस्ट्रिब्युटरपासून (ती वीज पाळीपाळीने प्लगना वाटणाऱ्या भागापासून) प्रत्येक प्लगचे अंतर निराळे असल्याने त्यांची लांबीही निराळी असते. पाकिटातल्या चारही वायर एकाच मापाच्या होत्या. मी ते बोलूनही दाखवले, तेव्हा दुकानदार म्हणाला, "आता कंपनीनंच एक माप केलंय, साहेब." पाकिटावर होलोग्राम होता, छापील किंमत होती आणि वायर बसवून २५० रुपये घेणाऱ्या मिस्त्रीलाही काही खटकले नाही, मग माझ्यासारख्या ग्राहकाने आणखी काय तपासायचे होते?

पाऊस लागताच गाडी मिसिंग मारू लागली, म्हणजे इंजिन मधूनमधून झटके देत चालू लागले. कार्ब्युरेटरवर संशय घेऊन तो साफ करण्यात ९०० रुपये गेले, पुढे पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळजवळ गाडी बंद पडली आणि ती ओढून आणायला १,८०० रुपये मोजावे लागले. एकूण ४,४०० रुपये. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू केले, तेव्हा वायरवरून इंजिनाच्या धातूवर उडणाऱ्या निळ्या ठिणग्या स्पष्ट दिसल्या. ही परीक्षा फुकट होते, जरूर करावी, फक्त वायरला हात लावू नये. मूळ कंपनीच्या कार्बन गाभ्याच्या वायरला मल्टिमीटरवर (वीज मोजण्याच्या उपकरणावर) काही हजार ओहम रोध दिसायला हवा. येथे जवळजवळ शून्य होता, म्हणजे आत साधी तांब्याची तार.

पोलीस ठाण्यात "चौदाशेची वायर ना? ही दिवाणी बाब आहे," असे ऐकवण्यात आले. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ च्या कलम १०४ खाली खोट्या व्यापारचिन्हाचा माल विकणे हा दखलपात्र गुन्हा आहे, हे पोलिसांना एका ग्राहकाने सांगायचे का? दुसऱ्या एका कार्यालयात न उघडलेले पाकीट मागितले गेले. पाकीट न उघडता माल बनावट आहे हे कळावे कसे, याचे उत्तर तेथे कोणाकडेच नव्हते. तिसऱ्या ठिकाणी पक्के बिल नाही म्हणून मी ग्राहकच नाही असे ठरले, आणि जिच्या नावाने हा माल विकला जातो, त्या कंपनीने पाकिटाची छायाचित्रे मागवून घेतल्यावर साधी पोचही दिली नाही.

"एस्टिमेट" लिहिलेली चिठ्ठी बिल म्हणून स्वीकारू नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. आणि जुन्या वायर मिस्त्रीकडे टाकून येण्याऐवजी दुकानात सोबत न्या, नव्या वायर त्यांच्याशेजारी ठेवून मोजा आणि मगच पैसे द्या.