बेघरांचं वसतिगृह: सरकारने चालवावं की संस्थेने?

ब्रिटनमध्ये १९४८ च्या नॅशनल असिस्टन्स कायद्याने ठावठिकाणा नसलेल्यांसाठी सरकारी निवारे आले. पुढे त्यांना ‘रिसेटलमेंट युनिट’, म्हणजे पुनर्वसन केंद्र, म्हणू लागले. त्यांची जमेची बाजू एकच, पण मोठी: जबाबदारी थेट केंद्र सरकारची. बाकी यातल्याच लंडनच्या कॅम्बरवेल केंद्राची अवाढव्य इमारत बघा, जुनं वर्कहाउसच ते, म्हणजे गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवायची जागा! लोक त्याला ‘स्पाइक’ म्हणत. रात्रीपुरती पाठ टेकता यायची. नाव पुनर्वसनाचं, पण स्वतःचं घर लांबच.

१९८५ मध्ये कॅम्बरवेलचं केंद्र बंद झालं. सरकारी युनिटं मोडून स्वयंसेवी संस्था आणि पालिकांकडे काम सोपवायचं धोरण ठरलं, त्यासाठी १९८९ मध्ये ‘रिसेटलमेंट एजन्सी’ ही सरकारी यंत्रणा आली.

संस्थेचं वसतिगृह लहान असू शकतं, स्वतंत्र खोली देऊ शकतं, व्यसन वा मानसिक आजार असलेल्याला वेगळी साथ देऊ शकतं. राहायला मला तेच आवडेल. पण संस्था अनुदानावर जगते आणि प्रवेशाचे नियम स्वतः ठरवते. दारू पिऊन, भांडून आलेल्या माणसाला ती ‘जागा नाही’ म्हणू शकते, आणि नेमका त्यालाच दुसरं दार नसतं. म्हणून हस्तांतराच्या करारात मी आधी प्रवेश नाकारण्याचं कलम वाचेन, रंगरंगोटीचा खर्च नंतर.