सॅम्पल बर्चचं, माल एमडीएफचा

लेझर कटिंगची ऑर्डर देणाऱ्यांनी, त्यातही गिफ्ट आयटमच्या धंद्यात नव्याने उतरलेल्यांनी, हे जरूर वाचा. उद्यमनगरातल्या त्या दुकानाचं नाव देत नाही, कारण प्रकरण तक्रारीत आहे. पण गंडवायची रीत सांगते, ती कळली की पुरे.

मी घरी बसून इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर डेस्क ऑर्गनायझर डिझाइन करते आणि कटिंग बाहेरून करून घेते. एका पतसंस्थेने दिवाळीला कर्मचाऱ्यांना द्यायला 40 नग सांगितले. मटेरियल ठरलं 3 मिमी बर्च प्लाय, म्हणजे बर्च लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेली शीट. सॅम्पल तर इतकं देखणं निघालं की खिळा नको, गोंद नको, दात दातात बसवले की टक्क आवाज. लेझरची रेघ स्वतःच साधारण 0.1 ते 0.2 मिमी लाकूड जाळते. तेवढं धरून दात आखले तरच असा घट्ट सांधा बसतो. "ताई, तुमचं काम म्हणजे घरचं काम," म्हणत मालकांनी 16,800 पैकी 12,000 आगाऊ घेतले.

माल आला तो प्रत्येक नग प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून. खोक्यांच्या वरच्या थरातले नग मी उघडून पाहिले, ते अस्सल बर्चचे होते. खालच्या थरांत काय भरलं होतं ते पतसंस्थेत कळलं. एका बाईंच्या टेबलावर चहा सांडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्गनायझरचा तळ फुगून वर आला. प्लाय एका रात्रीत असा फुगत नाही.

तो नग घरी आणून खिडकीशी धरला. बर्च प्लायची लेझरने कापलेली कड करपलेली असली तरी तिच्यात थर दिसतात, मधल्या थराच्या रेषा आडव्या जातात. इथे कड सगळीकडे एकसारखी चॉकलेटी, थराचा पत्ता नाही. बोट फिरवलं तर काळं पीठ लागलं. कोपऱ्यात नख घातलं तर लाकडाच्या रेषा छापलेला कागदच सुटून आला. म्हणजे माल एमडीएफचा, लाकडाचा भुगा दाबून केलेल्या शीटचा. व्हर्निअर लावला तर जाडी 2.5 मिमी. म्हणजे 3 मिमीसाठी आखलेल्या खाचांत अर्ध्या मिमीची फट, आणि ती बुजवली होती फेविकॉल आणि भुश्याने! भुसा मात्र खऱ्या लाकडाचा होता, तेवढं इमान राखलं म्हणायचं.

फोन केला तर "बर्चच आहे ताई, लॉट वेगळा आला." कडेचे फोटो पाठवल्यावर "कामगाराने घोळ केला असणार." घोळ कसला, बर्चचे नग नेमके वरच्याच थरात बरे आले! शिवाय बिलात "जाड माल, दोन पास मारावे लागले", म्हणजे लेझर दोनदा फिरवावा लागला, म्हणून मशीनची जादा मिनिटंही लावली होती. माल ठरल्यापेक्षा पातळ, आणि मिनिटं जास्त.

पतसंस्थेला खालच्या थरांतले सगळे नग मी पदरचे पैसे घालून बदलून दिले.

आता प्लाय मीच टिंबर मार्केटमधून घेते. प्रत्येक शीट चार ठिकाणी मोजते, कोपऱ्यांवर पेनने खूण करते आणि कटिंग होईपर्यंत मशीनपाशी उभी राहते. लेझर मशीन चालवायच्या लाइटबर्न या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून प्रिव्ह्यू घेतला की अंदाजे वेळ दिसतो. तो आधी दाखवा म्हणायचं आणि स्क्रीनचा फोटो काढायचा. मिनिटांवरून वाद झाला तर हाच फोटो हाताशी असतो. बिलावर "वुडन आयटम" लिहिलेलं खपवून घेऊ नका. "बर्च प्लाय, 3 मिमी" असं लिहून घ्या आणि बिलावर जीएसटी नंबर आहे का बघा. माझ्या हातात पडलेल्या कागदावर दोन्ही नव्हतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांनी स्वतः "3 मिमी बर्च" लिहून दर दिला होता. आज तक्रार उभी आहे ती त्या एका मेसेजवर. चॅट पुसू नका.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद केली. त्यावर दुकानाचं उत्तर आलं की माल धंद्यासाठी घेतला, तेव्हा या बाई ग्राहकच नव्हेत. ही पळवाट पुष्कळांना गप्प बसवते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेला माल वगळलाय खरा, पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाला तो अपवाद लागू होत नाही. आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची फी नाही, वकील लावायची सक्तीही नाही. मी अर्ज घातलाय.

नोटीस पोचल्यावर मालकांचा फोन आला, आवाज एकदम मऊ. "ताई, एवढ्यासाठी कशाला कोर्टकचेरी? पैसे पुढच्या ऑर्डरमध्ये वळते करून घेऊ की." पुढची ऑर्डर म्हणे!