२० किलोचा पीव्हीसी डंबेल संच: आठ प्लेटांचा घ्या, सहा प्लेटांचा नको

घरी वजनाचा व्यायाम सुरू करणारे बहुतेक जण पहिली खरेदी करतात ती २० किलोच्या पीव्हीसी संचाची. दोन १४ इंची रॉड, चार नट, सिमेंट-वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या प्लेट्स, सोबत तीन फुटी कर्ल रॉड (कोपरातून हात वर वळवण्याच्या व्यायामासाठी), हातमोजे, दोरी आणि ग्रिपर (मूठ आवळण्याचं साधन). संच स्वस्त असतो, घरपोच येतो आणि पलंगाखाली मावतो. तो तिथेच पडून राहू नये म्हणून खोक्यावरचा एकूण आकडा बाजूला ठेवून आत कोणत्या मापाच्या किती प्लेट्स आहेत ते आधी वाचा.

‘२० किलो’ बहुधा दोन तऱ्हांनी भरलेले असतात. एका संचात २.५ किलोच्या चार आणि ५ किलोच्या दोन अशा सहा प्लेट्स मिळतात. दुसऱ्यात २ किलोच्या चार आणि ३ किलोच्या चार, म्हणजे आठ. वजन तेवढंच आणि किंमतही जवळपास तीच, पण उपयोगात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सहा प्लेटांच्या संचात दोन्ही हातांना सारखे डंबेल हवे असतील, तर प्रत्येकी ५ किलो हा एकच पर्याय उरतो. ५ किलोच्या दोन प्लेट्स दोन डंबेलांत वाटल्या की प्रत्येक डंबेल एका बाजूला झुकतो. आठ प्लेटांच्या संचात प्रत्येक डंबेलवर ४, ६ किंवा १० किलो चढवता येतात. रॉड भरीव असेल तर तो आणि नट मिळून साधारण दीड किलो होतात, ते यात वरून मिळवायचे.

तरीही ६ वरून १० ही उडी मोठी आहे. फ्लोअर प्रेस (जमिनीवर उताणं पडून वजन वर ढकलणं) आणि रोइंग (वाकून वजन कमरेकडे ओढणं) यांत ती निभावते, शोल्डर प्रेसमध्ये (खांद्यापासून वजन डोक्यावर नेणं) नाही. रॉडसकट साडेसात किलोचे १२ रेप्स (आवर्तनं) मारणाऱ्याच्या हाती एकदम साडेअकरा दिले, तर दोन-तीन रेप्समध्येच पाठीची कमान होते. मग माणूस महिनोन्‌महिने जुन्याच वजनावर थांबतो, फरक दिसेनासा होतो आणि व्यायाम सुटतो. लोक याला आळस म्हणतात, पण दोष पुष्कळदा प्लेटांच्या मापाचा असतो.

उपाय स्वस्त आहे: १ किलोच्या चार प्लेट्स वेगळ्या घ्यायच्या. मग प्रत्येक डंबेलवर २, ४, ६, ८, १०, १२ अशी दोन-दोन किलोंची सरळ चढण मिळते. या चार प्लेट्स मात्र लोखंडीच घ्या. सिमेंट-वाळूपेक्षा बीड (ओतीव लोखंड) सुमारे तिप्पट जड असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची लोखंडी प्लेट खूप पातळ असते. १४ इंची रॉडवर मुठीची जागा सोडून प्रत्येक बाजूला जेमतेम चार इंच उरतात. तिथे तीन जाड पीव्हीसी प्लेट्स चढवल्या तर नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत. रॉडचं टोक नटाच्या तोंडाशी आलंच पाहिजे. तसं येत नसेल तर ते वजन डोक्यावर नेऊ नका. नवी प्लेट घेताना रॉड सोबत न्या. रॉडची जाडी आणि प्लेटच्या भोकाचं माप सगळ्या दुकानांत सारखं नसतं, आणि ढिली प्लेट हलत राहते.

नट सुटणं ही या संचाची दुसरी खोड. रेपमध्ये मनगट वळतं, प्लेट रॉडभोवती किंचित फिरते आणि नटाला रेटत सैल करते. नटाच्या आत रबरी वॉशर असायला हवा, नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो असला तरी प्रत्येक सेटआधी (सलग रेप्सच्या फेरीआधी) दोन्ही नट हाताने आवळायचेच.

प्लेट्स बदलणं किचकट आहे. चार नट उघडायचे, प्लेट्स काढायच्या-घालायच्या, पुन्हा आवळायचं, यात दोन-तीन मिनिटं सहज जातात. प्रत्येक व्यायामाला वेगळं वजन ठेवलं तर अर्ध्या तासाचा व्यायाम पाऊण तासावर जातो, आणि सकाळच्या घाईत पाऊण तास मिळत नाही. म्हणून बेत असा आखा की एका दिवसात फार तर एकदाच प्लेट्स बदलाव्या लागतील. जड प्लेट आत, हलकी बाहेर. बदलताना फक्त बाहेरची काढायची.

आठवड्यात तीन दिवस पुरतात; जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस किमान दोन दिवसांची आहे. ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन बेत आलटून-पालटून करा. ‘अ’ दिवशी फ्लोअर प्रेस, एका हाताचं रोइंग आणि मागचा पाय खुर्चीवर ठेवून स्प्लिट स्क्वॉट (पुढच्या पायावरची बैठक), हे तिन्ही एकाच वजनावर. मग बाहेरच्या प्लेट्स काढून शोल्डर प्रेस. ‘ब’ दिवशी रोमानियन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून, वजन हातात घेऊन कमरेतून वाकणं), रोइंग, जोर आणि शेवटी हलक्या वजनावर कर्ल. प्रत्येकाचे तीन सेट, ८ ते १२ रेप्स, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. हे सगळं सुमारे ३५ मिनिटांत आटोपतं. तिन्ही सेटमध्ये १२ रेप्स नीट झाले की पुढच्या खेपेला दोन किलो वाढवून पुन्हा ८ पासून सुरुवात. पहिल्या आठवड्यात मात्र दोनच सेट करा. पहिल्याच दिवशी दमछाक होईतो केलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून येतात की जिना उतरणं कठीण होतं, आणि तिथेच खंड पडतो.

वाराला व्यायाम बांधू नका, क्रमाला बांधा. बुधवारचा ‘ब’ चुकला तर गुरुवारी किंवा शुक्रवारी ‘ब’च करायचा, दोन दिवसांचं एकदम भरून काढायचं नाही. गणपतीत किंवा लग्नसराईत दोन आठवडे गेले तर एक पायरी खाली उतरून सुरू करा, आठवडाभरात वजन परत येतं. वजन आणि रेप्स भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहा. मागच्या खेपेचा आकडा समोर नसेल तर वजन अंदाजाने ठरतं, आणि अंदाज नेहमी सोप्याकडे झुकतो.

पायांना हा संच सगळ्यात आधी अपुरा पडतो, हे मान्यच करायला हवं. साध्या स्क्वॉटला हे वजन काही महिन्यांत हलकं वाटू लागतं. म्हणूनच वर एका पायाचा प्रकार सुचवला आहे; त्यात खाली जाताना तीन सेकंद घेतले की तेच वजन पुष्कळ काळ पुरतं. तीन फुटी रॉड खांद्यावर घेऊन स्क्वॉट करायला आखूड आहे, कर्लपुरताच ठीक. हातमोजे आणि ग्रिपर नसलेला संच स्वस्त मिळत असेल तर तोच घ्या. मुठीवर चढवलेली रबरी नळी रॉडवर फिरत असेल तर कापून काढा. फिरत्या मुठीवर पकड पक्की बसत नाही.

प्लेट टाइल्सवर आपटली की जोडावर तडा जातो, सिमेंटची पूड गळते आणि वजन घटतं. १० मिलिमीटरची रबरी मॅट घाला. खालच्या मजल्यावरच्यांची झोपही शाबूत राहते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात रॉडच्या आट्यांना गंज धरतो. घाम पुसून आट्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा, मुठीवर मात्र तेल नको.

चकती फिरवून वजन बदलणारे डंबेल वेळ वाचवतात यात शंका नाही, पण किंमत कित्येक पट असते आणि आतली यंत्रणा नाजूक. अमेरिकेत जून २०२५ मध्ये बोफ्लेक्स कंपनीच्या अशा डंबेलची ५५२ आणि १०९० ही मॉडेल्स परत मागवली गेली, कारण उचलताना प्लेट्स मुठीपासून सुटून पडू शकत होत्या. सुरुवातीला एवढा खर्च करण्याची गरज नाही.

संच घरी आला की त्याच दिवशी प्रत्येक प्लेट सामान तोलायच्या डिजिटल काट्यावर तोला आणि वजन तिच्यावर मार्करने लिहा. पीव्हीसी प्लेट्स छापील आकड्यापेक्षा कमी-जास्त भरतात. सारख्या भरणाऱ्या प्लेट्स एकाच डंबेलच्या दोन टोकांना लावा. फरक पाव किलोच्या पुढे गेला तर परत करण्याची मुदत संपायच्या आत संच बदलून घ्या.