शाळेच्या संकेतस्थळावरील छायाचित्रांसाठी एक्झिफटूल
मुलांची छायाचित्रे शाळेच्या संकेतस्थळावर टाकण्यापूर्वी फाइलमध्ये दडलेली माहिती काढून टाकायची असेल, तर फिल हार्वे यांनी २००३ पासून विकसित केलेले एक्झिफटूल हे मोफत साधन मला सर्वांत भरवशाचे वाटते. मोबाईलमध्ये लोकेशन चालू असल्यास छायाचित्रासोबत अक्षांश-रेखांशही नोंदले जातात आणि एकच आज्ञा देऊन हे साधन संपूर्ण फोल्डरमधील अशा नोंदी पुसून टाकते.

त्याहून मोलाची बाब लघुप्रतिमेची आहे. कडेला उभ्या असलेल्या मुलाचा चेहरा कापून टाकला, तरी काही संपादन-साधने फाइलमधली जुनी लघुप्रतिमा तशीच ठेवतात आणि त्या इवल्याशा चित्रात तो चेहरा शिल्लक राहतो. एक्झिफटूल तीही काढते.

उणिवाही आहेत. आज्ञा टाइप करून काम करावे लागत असल्याने नवख्या शिक्षकांना सुरुवातीला ते जड जाते. माहिती पुसताना दिशेची नोंदही जात असल्यामुळे काही छायाचित्रे आडवी दिसू लागतात. शिवाय हे साधन मूळ फाइलची प्रत, नावापुढे ‘ओरिजिनल’ जोडून, त्याच फोल्डरमध्ये ठेवते. ती प्रत चुकूनही अपलोड होता कामा नये.

गणवेशावरचे नावपट्टे, फाइलच्या नावात लिहिलेले मुलाचे नाव आणि पालकांची लेखी संमती या गोष्टी मात्र माणसानेच तपासायच्या आहेत.