कापसाचं ओलावा मीटर, एक हंगाम वापरल्यावर

दोन सुयांचं, हातात धरायचं साधं मीटर. पहिल्या वेचणीपासून फरदडीपर्यंत (मुख्य वेचण्या संपल्यावर राखलेल्या झाडांचा कापूस) जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-धरणगावकडच्या कापसावर वापरून झालं. यंत्र बरं आहे. घोळ होतो तो आकडा समजून घेण्यात.

एकाच ढिगात वर 7.5 टक्के दिसतं आणि हातभर आत 13. मीटर बिघडलेलं नसतं, कापूसच तसा असतो. बहुतेक माल 7 ते 9 टक्क्यांचा, मध्येच दवात वेचलेल्या गाठोड्याचे ओले गोळे. त्यामुळे सुट्या रीडिंगचा आलेख एका बाजूला लांबतो, आणि शंभर रीडिंग घेतल्या तरी तो तसाच राहतो. घंटेचा आकार येतो तो सरासऱ्यांना. 16-16 रीडिंगचे वीस गट करून प्रत्येकाची सरासरी मांडा, लगेच दिसेल. सेंट्रल लिमिट थिअरमचा दावा एवढाच आहे, आणि नेमका हाच भाग लोक उलटा समजतात.

हिशोब वर्गमुळाचा. समजा रीडिंगचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीची विखुरण, 1.6 आहे. मग 16 च्या सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे ती सरासरी साधारण किती इकडेतिकडे होऊ शकते, 1.6 भागिले 16 चं वर्गमूळ 4, म्हणजे 0.4. सरासरी 8.6 आली तर दोन्ही बाजूंना या त्रुटीच्या दुप्पट सोडून खरा ओलावा साधारण 7.8 ते 9.4 मध्ये धरायचा. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) 8 टक्क्यांच्या वर कपात करते आणि 12 च्या वर माल घेत नाही, तेव्हा 8.6 वरून 'कपात लागणारच' म्हणता येत नाही. हा पट्टा निम्मा करायला 32 नाही, 64 रीडिंग लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण पर्याय नाही.

'30 रीडिंग घेतल्या की झालं' हा नेहमी सांगितला जाणारा नियम डोळे झाकून वापरू नये. ओले गोळे थोडे आणि फार ओले असतील तर 30 ही कमी पडतात. त्याहून मोठी चूक म्हणजे एकाच खड्ड्यात दहा वेळा सुया खुपसणं: कागदावर दहा, प्रत्यक्षात एकच. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, तळापर्यंत जा. सकाळची आणि दुपारची वेचणी वेगळी ठेवली असेल तर वेगळीच मोजा.

मीटरच एक टक्का जास्त दाखवत असेल तर हजार रीडिंगची सरासरीही एक टक्का जास्तच येणार. म्हणून महिन्यातून एकदा 100 ग्रॅम कापूस 105 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवून तपासावं. 91 ग्रॅम उरला तर ओलावा 9 टक्के. एक तारा कापला तो दाबासाठी: कापूस सैल धरला की आकडा उतरतो, घट्ट दाबला की चढतो, आणि किती दाबायचा हे माहितीपत्रकात कुठेच नाही.