सोलरची वार्षिक सर्व्हिस: धुणं नीट, तपासणी कच्ची

फेब्रुवारी २०२४ मध्ये घरांच्या गच्चीवर सोलर बसवण्यासाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळू लागलं आणि लातूर-परभणीपासून बीडपर्यंत गच्च्यांवर प्लेटा चढल्या. त्यामागून वार्षिक सर्व्हिसचा धंदाही आला. वर्षातून ठरलेल्या फेऱ्या, प्रत्येक फेरीत धुणं, पुसणं, 'सगळं ओके' म्हणून सही. या सर्व्हिसला पाचपैकी अडीच गुण. धुण्याचे दोन, वेळेवर येण्याचा अर्धा. युनिट कमी का पडतात हे शोधण्याचं मुख्य काम बहुतेक ठिकाणी होतच नाही, म्हणून बाकीचे गुण कापले.

आधी एक गैरसमज काढू. महावितरणच्या बिलातले एक्स्पोर्ट युनिट, म्हणजे घरातून उरून लाईनला गेलेली वीज, ही सोलरने तयार केलेली वीज नव्हे. दिवसा घरातला पंखा, फ्रिज, मोटार जेवढं खातात ते त्यात येत नाही. तयार झालेली वीज इन्व्हर्टरच्या (प्लेटांची डीसी वीज घरच्या एसीत बदलणाऱ्या पेटीच्या) स्क्रीनवर किंवा जनरेशन मीटरवर बघायची. आपल्याकडे एका किलोवॅटमागे वर्षाची सरासरी रोज चार युनिट धरा, म्हणजे तीन किलोवॅटला बारा. मार्च-एप्रिलच्या स्वच्छ उन्हात ते तेरा-चौदावर जातात, श्रावणातल्या झाकोळात सात-आठवर येतात. मार्चमध्ये नऊच पडत असतील, तर शोधायला कारण आहे.

धुण्याबद्दल तक्रार नाही. पोरं पहाटे येतात, प्लेट तापायच्या आत काम उरकतात, मऊ ब्रश वापरतात. फक्त दोन गोष्टी त्यांना सांगाव्या लागतात. पहिली पाण्याची. बोअरचं पाणी क्षारांचं. ते काचेवर वाळलं की पांढरा थर धरतो आणि पुढच्या वेळी ब्रशनेही निघत नाही. शेवटचा हात आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा द्यावा, आणि वायपरने लगेच ओढून घ्यावा. दुसरी गोष्ट खालच्या कडेची. प्लेटचा उतार कमी असला की धुळीचं पाणी खालच्या फ्रेमपाशी साचतं आणि बोटभर रुंदीची मातीची पट्टी वाळून बसते. वरून प्लेट चकचकीत दिसते, पण पट्टीखाली खालच्या ओळीतले सेल झाकलेले असतात. सेल एकामागे एक जोडलेले असल्याने प्लेटच्या त्या अख्ख्या अर्ध्या भागाचा करंट पडतो. साखर कारखान्याजवळच्या गावांत गाळप हंगामात यात काजळी मिसळते. ती चिकट असते, नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने जात नाही. तिथे वर्षाला चार फेऱ्या पुरणार नाहीत. उन्हाळ्यात आणि गाळपात पंधरा दिवसाला एकदा घरच्या घरी धुवावं.

आता जे होत नाही ते. सर्व्हिसवाल्याच्या पिशवीत डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारं मीटर) नसेल, तर ती सर्व्हिस नव्हे, साफसफाई.

५४० वॅटच्या सहा प्लेटांची एक स्ट्रिंग, म्हणजे एकामागे एक जोडलेली माळ, धरा. एका प्लेटचा ओपन व्होल्टेज, म्हणजे करंट वाहत नसताना मोजलेला, साधारण ४९.५ असतो, सहांचा मिळून २९७. दुपारी प्लेट तापून ६५ अंशांवर जाते तेव्हा तोच २६५ च्या आसपास उतरतो. हे उष्णतेने होतं, बिघाड नव्हे. पण पंधरा व्होल्ट आणखी कमी दिसले, तर एखाद्या प्लेटचा बायपास डायोड (सावलीतल्या भागाला वळसा घालून करंट पुढे नेणारा) शॉर्ट झाल्याचा दाट संशय घ्यावा. प्लेटमध्ये असे तीन डायोड असतात, एक गेला की तिचा तिसरा हिस्सा जातो. मग एकेक प्लेट वेगळी मोजायची. मोजण्याआधी इन्व्हर्टरचा एसी एमसीबी (लाईनकडचा स्विच) बंद, मग डीसी आयसोलेटर (प्लेटांकडचा स्विच) बंद, मगच प्लेटांच्या वायरी जोडणाऱ्या एमसी-फोर कनेक्टरला हात. चालू करंटवर कनेक्टर ओढला तर डीसीचा आर्क, म्हणजे न विझणारी ठिणगी, पेटतो आणि हात भाजतो.

चालू असताना मोजलं, तर कडक उन्हात बारा-साडेबाराला दहा ते बारा अँपिअर यायला हवेत. करंट कमी आणि व्होल्टेज नेहमीसारखा, तर धूळ किंवा सावली. करंट कमी पण व्होल्टेज चढून ओपन व्होल्टेजकडे गेलेला, तर प्लेटा निर्दोष आहेत. इन्व्हर्टर स्वतःच वीज आवरून धरतोय. एक तर तो पश्चिमेच्या भिंतीवर पत्र्याखाली तापलाय, नाहीतर महावितरणच्या लाईनचा व्होल्टेज चढलाय. या एका फरकाने निम्मा शोध संपतो, आणि हाच बघितला जात नाही.

लाईनचा व्होल्टेज इन्व्हर्टरपाशी आणि मीटरपाशी, दोन्हीकडे एकाच वेळी मोजावा. तीस मीटर अंतरावर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली असेल, तर १३ अँपिअरला जवळपास सहा व्होल्टचा फरक पडतो. सहा चौरस मिलिमीटरच्या वायरीत तो अडीचच्या आत येतो. फरक मोठा तर वायर किंवा ढिला जोड बदला. दोन्हीकडे सारखाच २५५-२६० दिसला, तर अर्ज महावितरणकडे. लाईट गेली की ऑनग्रिड (लाईनला जोडलेला) सेट बंद पडतो आणि परत आल्यावरही काही मिनिटं थांबतो, तेवढे युनिट बुडतात, म्हणून इन्व्हर्टरचा फॉल्ट लॉग (बिघाडांची नोंद) उघडून दुपारच्या नोंदी मोजायला सांगा.

सावलीची पाहणी डिसेंबरात व्हायला हवी. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य लातूरला ४८ अंशांवरच असतो. दक्षिणेकडच्या चार फुटी कठड्याची सावली साडेतीन फुटांहून जास्त पसरते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. मे महिन्यात पाहणी करून गेलेल्याला ती दिसतच नाही.

पैसे देण्याआधी जुना करार काढून बघा. योजनेतून बसवलेल्या सेटची पहिली पाच वर्षं देखभाल बसवणाऱ्याच्याच गळ्यात असते. त्याच्याकडून दर फेरीला स्ट्रिंगचा व्होल्टेज, करंट आणि लाईनचा व्होल्टेज, तिन्ही आकडे वेळेसकट लिहून घ्या.