ई क्लास की फाइव्ह सिरीज? आधी साल सांगा

परवा भाच्याचा नाशिकहून फोन आला, मामा मर्सिडीजची सेकंड हँड ई क्लास बघितलीय आणि बीएमडब्ल्यूची एक फाइव्ह सिरीज पण बघितलीय, दोन्ही डिझेल, भाव दोन्हीचा उन्नीस-बीस, सांग कुठली घेऊ. मी विचारलं साल कुठलं? तर म्हणे ते बघावं लागेल, पण मर्सिडीज म्हणजे मर्सिडीज ना मामा.

असं ऐकलं की मला राहवत नाही. नाव चांगलंय यात वादच नाही पण ते नाव काही ठराविक वर्षांनी कमावलंय आणि काही वर्षांनी घालवलंय सुद्धा, बीएमडब्ल्यूचंही तेच. आपण पैसे मोजतो ते नावाचे आणि घरी येते ती एका विशिष्ट सालाची गाडी. म्हणून दोघांचा इतिहास जरा सविस्तर लिहितोय, आणि घेणाऱ्याने त्यातून काय बघायचं तेही.

मर्सिडीजची सुरुवात म्हणजे मोटारगाडीचीच सुरुवात. कार्ल बेन्झने २९ जानेवारी १८८६ ला तीन चाकी गाडीचं पेटंट मागितलं, पण मला त्याच्यापेक्षा त्याची बायको बेर्था जास्त भावते. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली, शंभर किलोमीटरच्या वर अंतर, तेव्हा पंप कुठले, तर वाटेत वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. गाडी लांबच्या प्रवासाला चालते हे जगाला त्या बाईने दाखवलं. मर्सिडीज हे नाव मात्र बेन्झकडचं नाही, डायमलरच्या गाड्या विकणाऱ्या एमिल येलिनेकच्या मुलीचं ते नाव, आणि डायमलर आणि बेन्झ या दोन कंपन्या एकत्र आल्या त्या १९२६ ला.

बीएमडब्ल्यूचं मूळ गाडीत नाहीच, विमानाच्या इंजिनात आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीला विमानाची इंजिनं बनवायला बंदी आली, मग १९२३ ला आर ३२ मोटारसायकल काढली आणि गाड्यांमध्ये आले ते १९२८ ला आयसेनाखचा कारखाना विकत घेऊन, तिथे ऑस्टिन सेव्हनच्या परवान्यावर डिक्सी नावाची छोटी गाडी बनायची. (लोगो म्हणजे फिरणारा पंखा असं सगळीकडे सांगतात, तसं नाहीये, ते निळे-पांढरे रंग बव्हेरियाचे आहेत, पंख्याची गोष्ट १९२९ च्या एका जाहिरातीतून आली.)

आता मधला एक काळा भाग आहे आणि तो गाळून इतिहास सांगणं मला पटत नाही. नाझी राजवटीत दोन्ही कंपन्यांनी युद्धसामग्री बनवली आणि दोन्हीकडे सक्तीने पकडून आणलेल्या मजुरांना राबवलं. बीएमडब्ल्यूच्या आलाखच्या कारखान्यात तर डाखाऊच्या छळछावणीतले कैदी होते. ‘शंभर वर्षांची परंपरा’ म्हणताना ही वर्षंही त्यातच मोजायची.

युद्धानंतरची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते आणि निवड करणाऱ्याला सगळ्यात उपयोगी पण तीच आहे. पन्नाशीच्या दशकात बीएमडब्ल्यूची अवस्था वाईट होती, एकीकडे मोठ्या महागड्या व्ही ८ गाड्या ज्या कोणी घेत नव्हतं आणि दुसरीकडे इसेटा, समोरून फ्रिजसारखं दार उघडणारी अंड्यासारखी गाडी. मध्ये काहीच नाही. ५०७ नावाची जी देखणी स्पोर्ट्स कार आज करोडोंना जाते ती तेव्हा जेमतेम अडीचशे बनली आणि कंपनीला आणखी खड्ड्यात घालून गेली. ९ डिसेंबर १९५९, म्युनिकला भागधारकांची सभा, आणि ठराव काय तर कंपनी डायमलर बेन्झच्या ताब्यात द्यायची. म्हणजे मर्सिडीज बीएमडब्ल्यूला गिळणार होती! आदल्याच वर्षी त्यांनी ऑटो युनियन घेतलेली, म्हणजे आजच्या ऑडीची मूळ कंपनी, त्यामुळे हे काही अशक्य नव्हतं. पण छोटे भागधारक आणि डीलर अडून बसले, हिशेबावर बोट ठेवलं की ७०० नावाच्या नवीन छोट्या गाडीच्या डेव्हलपमेंटचा सगळा खर्च तुम्ही एकाच वर्षात टाकलाय म्हणून तोटा एवढा दिसतोय, आणि सभा तहकूब करायला लावली. त्यानंतर हेर्बर्ट क्वांट या उद्योगपतीने स्वतःचे पैसे ओतले, १९६१ ला फ्रँकफर्टच्या शोमध्ये १५०० आली, जिला नॉय क्लास म्हणतात, नवीन वर्ग, आणि तिथून आजची बीएमडब्ल्यू सुरू होते. फाइव्ह सिरीज १९७२ ची, थ्री सिरीज १९७५ ची.

यातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. बीएमडब्ल्यूला मर्सिडीजची नक्कल करून जगता आलं नाही, मोठी गाडी बनवायला गेली तेव्हा बुडायला आली आणि चालवणाऱ्याचा विचार केला तेव्हा तरली. म्हणून आजही आत बसलात की त्यांच्या बहुतेक गाड्यांत मधला डॅशबोर्ड किंचित ड्रायव्हरकडे वळलेला असतो, ॲक्सिलरेटर वरून लटकत नाही तर खाली फ्लोअरला बिजागरीवर असतो, वजन पुढे-मागे जवळपास निम्मं निम्मं.

मर्सिडीजने नाव कमावलं ते सेफ्टी आणि टिकाऊपणावर. गाडीचं पुढचं तोंड चेपलं पाहिजे म्हणजे आतला माणूस वाचतो, ही कल्पना त्यांच्या बेला बारेनीची, पेटंट १९५१ चं आणि प्रत्यक्ष गाडीत आली १९५९ ला. १९७८ ला बॉशबरोबर एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सिस्टिम, १९९५ ला ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली तर आपणहून सावरणारी. आज आपल्या साध्या हॅचबॅकमध्येही एबीएस असतं, त्याची वाट यांनी घालून दिली. टिकाऊपणाचं म्हणाल तर ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची १९७६ ची २४० डी त्यांच्या म्युझियममध्ये ठेवलीय, ४६ लाख किलोमीटर चाललेली.

आपल्याकडे तर हे नाव ट्रकवरून आलंय. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, डायमलर बेन्झशी १९५४ ला करार झाला आणि १९६९ पर्यंत टाटांच्या ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा असायचा, आमचे वडील ट्रकलाच मर्सिडीज म्हणायचे. कार आली १९९५ ला, टेल्कोच्याच पिंपरीच्या कारखान्यात डब्ल्यू १२४ ई क्लास जुळवायला लागले (गाडीची पिढी बदलली की कंपनी असा नवा नंबर देते, पुढेही तेच नंबर येतील). आमच्या भोसरी एमआयडीसीत एका कारखानदाराने घेतली होती, मी तेव्हा पोरगाच, त्याने दार लावून दाखवलं तो आवाज अजून कानात आहे, बँकेच्या तिजोरीसारखा, धप्प, आणि मागे काचेची जरासुद्धा खुळखुळ नाही. पावसात बघितली तर काचेवर एकच वायपर, पण तो नुसता गोल फिरत नव्हता, मधे आखडायचा आणि कोपऱ्याकडे हात लांब करायचा, एका वायपरने काचेचा ८६ टक्के भाग पुसला जायचा. बॉनेटवरचा तारा स्प्रिंगवर, धक्का लागला तर वाकतो आणि परत उभा राहतो. मर्सिडीज म्हणजे मर्सिडीज हे जे लोकांच्या तोंडी बसलंय ते या गाडीमुळे.

पण त्यानंतर काय झालं ते लोक विसरतात. पुढची डब्ल्यू २१० गंजण्यासाठी बदनाम झाली, मर्सिडीज आणि गंज! १९९७ ला नवीन ए क्लास स्वीडनमध्ये एका मासिकाच्या टेस्टमध्ये, अचानक आडव्या आलेल्या जनावराला चुकवतात तशी वळवताना उलटली, विकलेल्या गाड्या परत बोलावून ईएसपी बसवावं लागलं. १९९८ ला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी लग्न केलं, २००७ ला मोडलं. आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे ज्या कंपनीने एबीएस आणलं तिनेच डब्ल्यू २११ मध्ये इलेक्ट्रॉनिक ब्रेक दिले ते इतके त्रासाचे निघाले की मोठे रिकॉल करावे लागले आणि २००६ ला ती सिस्टिमच काढून टाकली. म्हणजे २००३ ची ई क्लास घेणारा माणूस १९९३ च्या ई क्लासच्या अब्रूचे पैसे मोजत होता.

बीएमडब्ल्यूकडेही असंच. एन ४७ नावाचं डिझेल इंजिन, २००७ पासूनचं, आपल्याकडे ३२०डी आणि ५२०डी दोन्हीत आलं. ॲव्हरेज उत्तम, पळायला मस्त, पण टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवून ठेवणारी साखळी, इंजिनाच्या मागच्या बाजूला गिअरबॉक्सकडे, आणि सुरुवातीच्या वर्षांत ती चेन झिजायची, तुटायची. चेन साधी असती तर बदलली असती, मागे असल्यामुळे इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही, म्हणजे मजुरीच केवढी. चेन तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन गेलं. मर्सिडीजचं त्याच काळातलं ओएम ६५१ डिझेल, त्याचीही चेन मागेच, तिची तक्रार कमी पण सुरुवातीच्या गाड्यांचे इंजेक्टर, म्हणजे डिझेल फवारणारे भाग, मोठ्या संख्येने बदलावे लागले. कोणीच धुतल्या तांदळाचं नाही.

आणि हे दोघं एकमेकांचे हाडवैरी वगैरे म्हणतात ना, २०२१ ला युरोपियन कमिशनने काढलं की या जर्मन कंपन्या डिझेलचा धूर साफ करायच्या तंत्रात एकमेकांशी स्पर्धा करायची नाही असं ठरवून बसल्या होत्या. बीएमडब्ल्यूला ३७ कोटी युरोच्या वर दंड झाला, डायमलरने आधीच जाऊन माहिती दिली म्हणून सुटली. जे स्वच्छ करता येत होतं ते मुद्दाम केलं नाही, याचा मला मनापासून राग आहे.

आता घेणाऱ्याचं बघू. भारतात बीएमडब्ल्यूने २००७ ला चेन्नईजवळ कारखाना टाकला आणि दोन वर्षांत मर्सिडीजला मागे टाकलं, मग दोन वर्षं ऑडी पुढे होती (त्यांची जुळणी आपल्या संभाजीनगरला, शेंद्र्यात, पण ऑडीचा विषय आज नको), आणि २०१५ पासून परत मर्सिडीज, ती २००९ पासून चाकणला स्वतःच्या कारखान्यात. म्हणजे सेकंड हँड माल दोन्हीचा भरपूर आहे.

साधारण २०१० ते १६ मधली घेताय तर ई क्लास म्हणजे डब्ल्यू २१२ आणि फाइव्ह म्हणजे एफ १०. इथे मी डोळे झाकून नाही पण कल ई क्लासकडे देईन, त्यातही २०१३ च्या फेसलिफ्टनंतरची. एफ १० दिसायला आजही सुरेख आहे, मला स्वतःला जास्त आवडते, पण एन ४७ असेल तर चेनचं काम झाल्याचं बिल हातात पडेपर्यंत टोकन देऊ नका.

२०१७ नंतरची घेणार असाल तर गणित बदलतं. ई क्लास लांब व्हीलबेसची आली, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३०७९ मिलिमीटर, फाइव्ह जी ३० तेव्हा २९७५, म्हणजे मागे बसणाऱ्याला दहा सेंटीमीटर सरळ जास्त. आईवडिलांना गुडघे दुखतात, ड्रायव्हर ठेवलाय, मागे बसून मुंबई-पुणे करायचंय तर विचार करायची गरजच नाही, ई क्लास. स्वतः चालवणार असाल तर मी जी ३० घेईन, ताम्हिणी उतरताना वळणावर ती जशी अंग न टाकता वळते तशी ई क्लास वळत नाही, आणि याच्यात चेनची ती जुनी धास्ती बरीच कमी झालीय. फक्त बऱ्याच बीएमडब्ल्यूंना रनफ्लॅट टायर असतात, पंक्चर झालं तरी ८० च्या स्पीडने ८० किलोमीटर जाता येतं हे खरं, पण टायरची कड कडक असल्यामुळे आपल्या खड्ड्यांत ठोके बसतात आणि टायर महाग, ते किती झिजलेत बघून भावात घासाघीस करा. ई क्लासला स्टेपनी असते पण ती डिकीत अशी बसते की विमानतळाच्या दोन मोठ्या बॅगा आडव्या जात नाहीत.

नवीन शोरूममधून घेणाऱ्यांसाठी थोडक्यात, २०२४ पासून फाइव्ह पण लांब आली, ३१०५ मिलिमीटर, ई क्लास ३०९४. मागच्या सीटच्या जागेचा जुना फरक संपला, दोन्ही चालवून बघा आणि तुमच्या गावाला कोणाचं सर्व्हिस सेंटर जवळ आहे ते बघा.

गाडी बघायला जाताना एक गोष्ट जरूर करा. मागे एका यूज्ड कारवाल्याकडे मी स्वतः फसता फसता वाचलोय, इंजिन धुऊन आरशासारखं केलेलं, गाडी चालू केली तर एकदम गप्प, मी खूश, सहज बॉनेटवर हात टेकला तर चटका बसला. मी यायच्या आधी अर्धा तास चालू ठेवून गरम केली होती. चेनची खडखड थंड इंजिनात, पहिल्या काही सेकंदांत ऐकू येते, तीही पुढून नाही, मागच्या बाजूने काचेच्या खालून. म्हणून सकाळी जायचं, मालकाला आधीच सांगायचं गाडी चालू करू नका, पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर. थंड असेल तर बॉनेट उघडं ठेवून दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगायचं आणि आपण कान मागच्या बाजूला द्यायचा.

भाच्याने मग आरसी बघून फोन केला, ई क्लास २०१४ ची आणि फाइव्ह २०१२ ची, फाइव्हच्या मालकाकडे चेनचं बिल नाही, सर्व्हिस बुकात शेवटची तीन वर्षं कोरी. ती सोडून दे म्हटलं. रविवारी सकाळी सातला आम्ही दोघं ई क्लास बघायला जातोय, मालकाला सांगून ठेवलंय, गाडी थंड पाहिजे.